सर्व्हरचा जुना डबा आणि घरातली शांतता

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा आई आतून ओरडली, "मिक्सर कोणी चालू ठेवलाय रे?" मिक्सर बंद होता. हॉलमध्ये फरशीवर सव्वीस इंच लांबीचा काळा पत्र्याचा डबा पडला होता आणि त्यातले पाच पंखे एकदम सुटले होते.

कंपन्यांच्या सर्व्हर रूममधून निवृत्त झालेले असे डबे मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात जुन्या मालाच्या दुकानांत, कधी थेट भंगारवाल्याकडे मिळतात. आत चोवीस हार्ड डिस्कची सोय, जाड पत्रा, आणि भाव जवळजवळ किलोवर. इकडे घरातला प्रत्येक फोन फोटोंनी भरलेला, क्लाउडचं भाडं दरमहा चालू. मग कोणालाही वाटतं, यात साधा मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचा मुख्य सर्किट बोर्ड, बसवून घरचाच साठवणीचा कॉम्प्युटर का करू नये? करता येतो, आणि तो शांतही होतो. फक्त आवाज नेमका कशाचा आहे ते आधी समजून घ्यावं लागतं. मी ते न समजता तीन महागडे पंखे आणले. आवाज गेला, पण डिस्क तापून पन्नास अंशांच्या पुढे गेल्या. त्या फसलेल्या प्रयोगातून जे कळलं ते इथे मांडतो.

## 'यू' हा एकच आकडा आधी बघा

सर्व्हर ज्या लोखंडी मांडणीत एकावर एक रचतात तिला रॅक म्हणतात. रॅकची रुंदी १९ इंच ठरलेली. उंची मोजायची ती 'यू'मध्ये: १ यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. १ यूचा सर्व्हर पिझ्झाच्या खोक्याएवढा चपटा, तर ४ यूचा सात इंच उंच, जवळपास १७८ मिलिमीटर.

जागेचं भाडं यूवर असल्यामुळे कंपन्यांना चपटे सर्व्हर परवडतात. पण चपट्या डब्यात मोठा पंखा उभा राहत नाही. १ यूमध्ये जेमतेम ४० मिलिमीटरचा पंखा मावतो, २ यूमध्ये ८० चा, आणि ४ यूमध्ये १२० चा. बाकी सगळं, म्हणजे आवाज, उष्णता आणि तुमचा खर्च, या एका गोष्टीवरून ठरतं.

दुकानात १ यूचा डबा अगदी स्वस्त मिळत असेल तरी हात जोडून परत या. तो घरात शांत होत नाही. २ यूचं काम झटापटीचं. खरी मजा ४ यूमध्ये.

## कुकरची शिट्टी आणि सीलिंग फॅन

घरातला सीलिंग फॅन साधारण १२०० मिलिमीटर व्यासाचा असतो आणि मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे मारतो. सगळी खोली हलवतो, पण त्याच्याखाली झोप लागते. कुकरची शिट्टी मात्र शेजारच्या बिल्डिंगमध्ये ऐकू जाते, आणि तिथून निघते ती चिमूटभर वाफ. फरक हवेच्या घाईत आहे. अरुंद वाट आणि जास्त वेग म्हणजे गोंगाट. रुंद वाट आणि कमी वेग म्हणजे शांतता.

पंख्यांच्या गणितात हे फार ठळक दिसतं. एकाच घडणीचे दोन पंखे सारख्या वेगाने फिरत असतील तर हवेचं माप व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ४० चा पंखा काढून १२० चा लावला, म्हणजे व्यास तिप्पट झाला, की हवा सत्तावीसपट. उलट बाजूने बघा: छोटा पंखा मिनिटाला १५,००० फेरे मारून जेवढी हवा सरकवतो, तेवढी मोठा पंखा साडेपाचशे फेऱ्यांत सरकवू शकतो.

आवाजाचं गणित याहून तीव्र. तो डेसिबलमध्ये मोजतात, आणि हे माप पायऱ्यांचं नाही, पटींचं आहे. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाला एक तृतीयांशच उरतो.

शिवाय स्वर बदलतो. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १५,००० फेरे घेतो तेव्हा पाती सेकंदाला १७५० वेळा हवा कापतात. तेवढ्या वारंवारतेची किंचाळी माणसाच्या कानाला फार टोचते. तसाच सात पात्यांचा मोठा पंखा ८०० फेऱ्यांवर चालवला की हा आकडा ९३ वर येतो. ती गुणगुण असते, आणि दहा मिनिटांत तिचा विसर पडतो.

## मग मोठे पंखे लावले की काम झालं?

नाही. मी इथेच आपटलो, म्हणून जरा थांबून सांगतो.

पंखा दोन कामं करतो. एक, हवा वाहवणं. दुसरं, अडथळा असेल तर तिथून ती रेटणं. या रेट्याला दाब म्हणतात, आणि तो फेऱ्यांचा वेग आणि व्यास या दोन्हींच्या वर्गांच्या प्रमाणात पडतो. वरचं उदाहरण पुन्हा घ्या. साडेपाचशे फेऱ्यांचा मोठा पंखा हवा तेवढीच वाहवतो, पण त्याचा दाब छोट्याच्या एक्याऐंशीव्या हिश्शाइतकाच. चुलीपुढे सूपाने वारा घालणं आणि फुंकणीने फुंकणं यात जो फरक, तोच हा. निखारा राखेखाली दडला असेल तर सूप कितीही मोठं असो, फुंकणीच लागते.

आता सर्व्हरच्या डब्यात डोकवा. पुढे डिस्क खेटून बसलेल्या, दोघींमध्ये काही मिलिमीटरची फट. त्यांच्या मागे बॅकप्लेन, म्हणजे सगळ्या डिस्क ज्यात खोचल्या जातात तो उभा सर्किट बोर्ड. त्यालाही हवेसाठी मोजकीच भोकं. मूळचे सहा-सात हजार फेऱ्यांचे पंखे त्या फटींतून हवा ओढून काढतात. मी त्यांच्या जागी त्याच मापाचे, ८० चे, पण मंद आणि नावाजलेले पंखे लावले. हॉल शांत झाला, आई खूश झाली. एप्रिलच्या दुपारी डिस्कचं तापमान बघितलं तर ५३.

हवा आळशी असते. सोपी वाट मिळाली की अवघड वाटेने जात नाही. पंख्यांच्या बाजूने, वरून, रिकाम्या खणांतून ती गोल फिरून परत येत होती, डिस्कांना शिवतच नव्हती. टिश्यू पेपरची बोटभर पट्टी डब्याच्या तोंडाशी धरली तेव्हा समजलं. रिकाम्या खणापुढे पट्टी आत ओढली जायची, भरलेल्या डिस्कपुढे जागची हलायची नाही.

## पंख्यांची भिंत

उपाय फार किमती नव्हता. जुन्या पंख्यांची आडवी चौकट काढली आणि तिथे १२० चे तीन पंखे शेजारी शेजारी उभे केले. ४ यूच्या डब्याची आतली रुंदी सव्वाचारशेच्या आसपास असते, पंखे तीन मिळून ३६०, म्हणजे आरामात बसतात. १२० च्या पंख्याची स्क्रूची भोकं एकमेकांपासून १०५ मिलिमीटरवर असतात; हे माप लिहून ठेवा, दुकानात विचारलं तर कोणी सांगत नाही. आधी सनबोर्डवर कंपासने वर्तुळं काढून नमुना कापला, तो डब्यात दाबून बसवून पाहिला, दोन ठिकाणी कानस मारली. मग तो फॅब्रिकेशनवाल्याकडे नेऊन दोन मिलिमीटर ॲल्युमिनियममध्ये कापून घेतला. "साहेब, एग्झॉस्ट फॅन बसवताय का?" एवढंच त्याने विचारलं.

पण हवा खरी वळली ती फटी बुजवल्यावर. भिंतीच्या चारी कडांना दारा-खिडक्यांना लावतात ती चिकट फोमपट्टी लावली. रिकाम्या खणांची तोंडं खाकी सेलोटेपने बंद केली. आता हवेला मागे जायला एकच वाट होती, डिस्कांच्या मधली. तेच १२० चे मंद पंखे, ९०० फेरे, आणि मे महिन्यात खोली ३५ अंशांवर असताना सगळ्यात गरम डिस्क ४४. टिश्यूची पट्टी भरलेल्या खणांवर चिकटून राहू लागली.

एक सूचना. पत्र्याला भोक पाडायचं असेल तर मदरबोर्ड आधी बाहेर काढा. ड्रिलचा कीस रव्यासारखा बारीक असतो आणि बोर्डावर पडलेला एक कण पुरतो. लोखंडाचा कीस चुंबकाने उचलता येतो, ॲल्युमिनियमचा येत नाही, त्याला ब्रशच.

जुने सर्व्हरचे पंखेच घरगुती मदरबोर्डला जोडून मंद चालवू, असा विचार करत असाल तर त्यांच्या लेबलवरचा अँपिअरचा आकडा वाचा. घरगुती बोर्डवर पंख्याच्या पिना बहुधा १ अँपिअरपर्यंतच झेपतात. त्यापेक्षा जास्त ओढणारा पंखा थेट बोर्डला जोडला तर ती पिनच कायमची जाऊ शकते.

## घरचा मदरबोर्ड यात बसेल का?

इथे डब्याची जात बघावी लागते. घरगुती कॉम्प्युटरचा एटीएक्स हा साचा इंटेलने १९९५ मध्ये आणला. बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूच्या जागा ठरलेल्या, आणि मागच्या बाजूला यूएसबी वगैरे बाहेर येण्यासाठी सुमारे १५९ बाय ४५ मिलिमीटरची चौकोनी खिडकी. सुपरमायक्रोसारख्या कंपन्यांचे ४ यूचे बरेच डबे हा साचा पाळतात. डेल, एचपीच्या सर्व्हरचे डबे मात्र बहुधा त्यांच्याच बोर्डांसाठी कापलेले असतात. तिथे भोकंही वेगळी आणि खिडकीही नाही. म्हणून घेताना डबा उलटा करून मागून बघायचा. आडवी लांब खिडकी आणि तिच्या शेजारी कार्डांसाठी सात उभ्या पट्ट्या दिसल्या तर पुढचं बोला.

बसतो म्हणजे लगेच चालतो असं नाही. माझा बोर्ड बसला, स्क्रू लागले, बटण दाबलं, काहीच नाही. दोन संध्याकाळी रॅम काढून घालण्यात गेल्या. शेवटी बोर्ड उचलला तर खाली, ज्यांना स्टँडऑफ म्हणतात त्या पितळी खुंट्यांपैकी एक जास्तीची उभी होती. सर्व्हरचे बोर्ड मोठे, त्यांना जास्त खुंट्या लागतात. ती उरलेली खुंटी माझ्या बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करत होती. तेव्हा आधी सगळ्या खुंट्या काढा आणि बोर्डाला जिथे भोकं आहेत तिथेच लावा.

पुढचं पॉवर बटणही सुरुवातीला दाद देत नाही, कारण त्याची पट्टीसारखी वायर घरगुती बोर्डच्या पिनांत जात नाही. पण बटण म्हणजे शेवटी दाबलं की दोन तारा जुळणं. सगळं वीजमुक्त असताना मल्टिमीटर बीपवर लावून, बटण दाबल्यावर कोणत्या दोन पिना बोलतात ते शोधलं की झालं.

प्रोसेसरचा कूलरही बदलावा लागतो. सर्व्हरच्या कूलरला पुष्कळदा स्वतःचा पंखा नसतो, तो डब्यातल्या वादळावरच जगतो. वादळ गेलं की त्याचा नुसता धातूचा ठोकळा राहतो. घेताना उंची तपासा: ४ यूमध्ये नॉक्टुआ कंपनीचा १२५ मिलिमीटरचा एनएच-यू९एस बसतो. ३ यू असेल तर ११० चा एनएच-डी९एल.

## एसएमपीएसला हात लावू का?

वीजपुरवठ्याचा ठोकळा, म्हणजे एसएमपीएस, हा आवाजाचा दुसरा उगम. सर्व्हरमध्ये तो जोडीने येतो: दोन लांबट ठोकळे, एक मेला तर दुसरा चालू. प्रत्येकात ४० चे किंचाळणारे पंखे, ज्यांचा वेग बाहेरून बदलता येत नाही.

इंटरनेटवर लोक हे ठोकळे उघडून आतला पंखा बदलताना दिसतात. तसं करू नका. आपल्याकडचे २३० व्होल्ट आत गेल्यावर सरळ होऊन ३२५ च्या पुढे जातात आणि कपॅसिटरमध्ये साठतात. प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच दबा धरून असतात.

दोन मार्ग आहेत. सुपरमायक्रोच्या काही डब्यांसाठी त्याच मापाचे शांत ठोकळे मिळतात, नावात शेवटी 'एसक्यू' असलेले; ९२० वॉटचा पीडब्ल्यूएस-९२०पी-एसक्यू हा त्यातला. तो मिळाला तर काहीच कापावं लागत नाही. नाही मिळाला तर साधा एटीएक्स एसएमपीएस, ज्याचं तोंड १५० बाय ८६ मिलिमीटर असतं, आणि तो धरायला मागे एक पत्र्याची पट्टी. यात अजून एक फायदा पदरात पडतो. ९०० वॉटचे दोन ठोकळे घरच्या ७०-८० वॉटसाठी चालवले की दोघंही क्षमतेच्या पाचेक टक्क्यांवर रेंगाळतात, आणि तिथे वीज वाया जाण्याचं प्रमाण जास्त असतं. चोवीस तास चालणाऱ्या यंत्रात १० वॉट वाचले तर वर्षाला साडेसत्त्याऐंशी युनिट वाचतात.

आणि अर्थिंग. एवढा मोठा उघडा पत्रा घरात ठेवायचा तर तीन पिनांचा प्लग खऱ्या अर्थिंगच्या सॉकेटमध्येच हवा. जुन्या चाळी-वाड्यांत सॉकेटला तिसरं भोक असतं, त्याच्या मागे वायर नसते. तिथे डब्याला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. तो भास नसतो.

## शांतता झाली, आता कोण तापतंय?

पंखे मंद केले की काही भाग न सांगता तापतात. सगळ्यात फसवं म्हणजे डिस्क जोडायचं कार्ड. घरगुती बोर्डला चार-सहाच डिस्क थेट जोडता येतात, म्हणून बॅकप्लेन जोडायला एलएसआय ९२११ सारखं कार्ड घेतात. (सॅस ही सर्व्हरच्या डिस्कांची जोडणी, साटा ही घरगुती. बॅकप्लेन सॅस जातीचा असला तरी घरगुती साटा डिस्क त्यात चालते. उलट चालत नाही: सॅस डिस्क साध्या साटा पोर्टला लागत नाही.) या कार्डावर छोटा धातूचा कंगवा असतो, पंखा नसतो, आणि त्याला मिनिटाला २०० फूट वेगाची वाऱ्याची झुळूक मिळेल हे बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. म्हणजे सेकंदाला सुमारे एक मीटर. शांत केलेल्या डब्यात ती मिळतेच असं नाही. मी त्या कंगव्यावर ४० चा एक मंद पंखा बारीक स्क्रूने अडकवला. संपूर्ण डब्यात आता तेवढा एकच छोटा पंखा आहे.

दुसरी अडचण: मदरबोर्ड पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानावरून ठरवतो. डिस्क किती तापल्या हे त्याला कळतच नाही. रात्रभर फोटोंची नक्कल चालू असेल तर प्रोसेसर गार, डिस्क मात्र घामाघूम. म्हणून डिस्कांपुढच्या तीन पंख्यांचा वेग मी कायम ठेवलाय.

सर्व्हरचाच बोर्ड वापरणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. त्यावर बीएमसी नावाचा एक पहारेकरी चिप असतो. पंखा फार मंद दिसला की तो मेला असं समजून हा सगळ्यांना पूर्ण वेग देतो. वेग वाढलेला दिसला की पुन्हा उतरवतो. मग दर काही सेकंदांनी घरभर उसासे. पंख्याच्या किमान वेगाची मर्यादा आयपीएमआयटूल या आज्ञावलीने खाली आणली की तो गप्प होतो.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक कडू गोष्ट: पंखा कोणतीही कोरडी वस्तू खोलीपेक्षा गार करू शकत नाही. नागपुरात मे महिन्यात खोलीच ४० वर असेल तर डिस्क पन्नाशीला टेकणार. तिथे उन्हाळ्यापुरता वेग वाढवायचा आणि थोडा आवाज सोसायचा.

## आतून फोम लावला तर?

बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न हाच असतो. फोम उंच स्वर थोडे पितो, पण ते मोठ्या पंख्यांनी आधीच गेलेले असतात. उरते ती घरघर, आणि तिला फोम अडवत नाही. ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा थरथरते, पत्रा ती थरथर घेऊन फरशीला देतो, फरशी खोलीला. आठ डिस्क असल्या की आणखी एक गंमत होते. प्रत्येकीचा वेग केसभर वेगळा, त्यामुळे घरघर चढते-उतरते, चढते-उतरते. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा नीट मिळाल्या नसल्या की जशी लाट ऐकू येते, तशीच.

मला उपयोग झाला तो वॉशिंग मशीनच्या पायाखाली घालतात त्या रबरी बुचांचा, चार कोपऱ्यांत चार. झाकणाच्या आतून गाडीच्या दारात चिकटवतात तशी डांबरी पट्टी लावली, तेव्हा झाकणाचं थरथरणंही थांबलं.

## एवढं करण्यापेक्षा नवीन कॅबिनेट का नको?

चार डिस्कपर्यंत गरज असेल तर नवीनच घ्या, मी वाद घालणार नाही. बाजारातली साधी कॅबिनेट शांत असतात, एका हाताने उचलता येतात आणि त्यांच्यासाठी फॅब्रिकेशनवाल्याकडे जावं लागत नाही. पंखे, एसएमपीएस, कूलर, कार्ड हे धरलं तर किलोच्या भावाचा डबाही स्वस्त राहत नाही. एका खोलीत झोपणं-अभ्यास सगळं होत असेल तर त्याची लांबीच अंगावर येते.

आठ-दहा डिस्क लागल्या की मात्र चित्र पालटतं. एवढ्या डिस्क समोरून ड्रॉवरसारख्या ओढता-घालता येतील असं घरगुती कॅबिनेट शोधून बघा. मागच्या महिन्यात माझी एक डिस्क गेली. खण ओढला, नवी घातली, कॉम्प्युटर बंदही केला नाही. आई शेजारी भाजी निवडत बसली होती, तिने मानही वर केली नाही.